फ्लॉरेन्स म्हणजे नेमकं कुठलं? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात फ्लॉरेन्सचं नाव निघतं ते दोन कारणांनी. एक तर राजाराम महाराजांची तिथली छत्री, म्हणजे स्मारक. नाहीतर कुणाची तरी मुलगी किंवा जावई अमेरिकेत "फ्लॉरेन्सला" नोकरीला लागलेला असतो, आणि घरचे अभिमानानं सांगतात, "आमची पोरं महाराजांच्या गावाला आहेत." मग चहा थंड होईपर्यंत इटली की अमेरिका यावर वाद. त्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

फ्लॉरेन्स नावाची गावं जगात आहेत तरी किती?

मूळ शहर एकच, इटलीतल्या टस्कनी प्रांताची राजधानी, लोकवस्ती साडेतीन लाखांच्या वर. बाकीची बहुतेक अमेरिकेत. अलाबामा, साउथ कॅरोलिना, केंटकी, ओरेगन, कोलोरॅडो, ॲरिझोना, टेक्सस, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत तर आहेतच, शिवाय छोट्या वस्त्या वेगळ्या. दक्षिण अमेरिकेत कोलंबियात फ्लोरेन्सिया नावाचं शहर आहे, काकेता विभागाचं मुख्य ठिकाण. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला "एल्ब नदीवरचं फ्लॉरेन्स" म्हणतात, पण ती पदवी आहे, पत्ता नव्हे.

यातलं एकही शहर दुसऱ्याची नक्कल नाही, हे आधीच सांगून ठेवतो. "खरं फ्लॉरेन्स" आणि "खोटं फ्लॉरेन्स" अशी भाषा आपल्याकडं फार चालते, ती मला पटत नाही. गुजरातची राजधानी गांधीनगर आहे म्हणून आपल्या उचगावशेजारचं कापडबाजाराचं गांधीनगर काय खोटं ठरतं?

छत्रपती राजाराम महाराजांची छत्री यातल्या कुठल्या फ्लॉरेन्सला आहे?

इटलीतल्या. शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठानं कास्चिने नावाची लांबच लांब बाग पसरली आहे. तिच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथं मुन्योने हा छोटा प्रवाह आर्नोला मिळतो, तिथं ही छत्री आहे.

महाराज १८७० साली युरोपच्या दौऱ्यावर गेले. इंग्लंडमध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, संस्था पाहिल्या, आणि रोजच्या रोज इंग्रजीत डायरी लिहिली. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे अधिकारी होते. परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. जन्म एप्रिल १८५० चा, म्हणजे वय अवघं वीस. वेस्ट यांनी ती डायरी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापून घेतली. ती वाचताना राजापेक्षा एक चौकस तरुण जास्त दिसतो.

त्या वेळी फ्लॉरेन्स हे इटलीच्या राज्याची राजधानी होतं, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १८६५ पासून राजधानी इथं होती. सप्टेंबर १८७० मध्ये रोम इटलीच्या ताब्यात आलं आणि १८७१ मध्ये राजधानी तिकडं हलली. म्हणजे महाराजांचा मृत्यू एखाद्या आडबाजूच्या गावात झाला नाही. देशाच्या राजधानीत, आणि तेही राजधानी हलायच्या तोंडावर झाला.

ते कोणते राजाराम महाराज? शिवछत्रपतींचे चिरंजीव का?

नव्हेत. गोंधळ गावांच्या नावांचाच नाही, माणसांच्याही नावांचा आहे. शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव राजाराम महाराज, म्हणजे ताराराणींचे यजमान, १७०० साली सिंहगडावर गेले. फ्लॉरेन्सचे राजाराम महाराज हे पाटणकर घराण्यातून दत्तक आलेले. १८६६ ते १८७० अशी चारच वर्षं ते करवीरच्या गादीवर होते. आणि कोल्हापूरच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे ते राजर्षी शाहू महाराजांचे चिरंजीव, १९२२ ते १९४० या काळातले राजाराम महाराज.

पोरांना सांगताना तिघांना एका फोटोत बसवू नका. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत हे हमखास होतं.

त्या काळी युरोपात दहन करू दिलं?

सहजासहजी नाही. दहनाची तिथं पद्धतच नव्हती, सगळीकडं दफन. हिंदू रीतीप्रमाणं अग्निसंस्कार व्हावा अशी बरोबरच्या मंडळींची मागणी होती, आणि त्यासाठी खास परवानगी काढावी लागली. जागा निवडली ती दोन पाण्यांच्या संगमाची. प्रयाग चिखलीला उभं राहिलेल्या माणसाला ही निवड समजावून सांगावी लागत नाही. चिता रात्री पेटवली, आणि ते पाहायला शहरातली माणसं जमली होती.

नंतर १८७४ मध्ये त्याच ठिकाणी स्मारक उभं राहिलं. वर नक्षीदार छत्री, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे नाव कोल्हापूरकरांना परकं नाही. आपला नवा राजवाडा आणि टाऊन हॉल यांचे आराखडे यांचेच. राजवाड्यात शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी एवढं एक वाक्य जरी सांगितलं तरी पोरांच्या डोक्यात दोन गावं जोडली जातील.

चौथऱ्यावर इटालियन आणि इंग्रजीसह चार भाषांत मजकूर कोरला आहे.

तिथल्या लोकांना महाराज माहीत आहेत का?

नाव माहीत नसेल, पण "इंदियानो", म्हणजे भारतीय माणूस, माहीत आहे. छत्रीजवळच आर्नोवर १९७८ मध्ये तारांनी तोललेला मोठा पूल झाला, त्याचं नाव पोंते अल्लिंदियानो. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात, आणि रेडिओवर वाहतूक कोंडीची बातमी आली की त्यात हा "इंदियानो" येतो. आपल्या राजाचं नाव न घेता त्याची आठवण चालू आहे. मला विचाराल तर पुलावर नाही तरी पुलाखाली एक नीट पाटी हवी.

इटलीत पोचल्यावर छत्रीपर्यंत कसं जायचं?

मुख्य रेल्वे स्टेशन सांता मारिया नोव्हेला. तिथून टी-१ ट्राम स्कांदिच्चीच्या दिशेनं पकडा आणि कास्चिने स्टॉपला उतरा. तिकडून बागेतून नदीच्या काठानं पश्चिमेकडं सरळ चालत सुटायचं. बाग साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि छत्री टोकाला, तेव्हा पाऊण तास तरी धरा. रस्ता सपाट आहे, दोन्ही बाजूंना झाडी. आई-वडील सोबत असतील तर टॅक्सी करा आणि चालकाला "मोनुमेंतो अल्लिंदियानो" सांगा.

मंगळवारी सकाळी बागेत मोठा बाजार भरतो, कपडे, भाजी, जुन्या वस्तू. गर्दी आवडत असेल तर तोच वार धरा. संध्याकाळ उलटल्यावर मात्र त्या टोकाला एकट्यानं रेंगाळू नका. बाग मोठी आहे आणि तिकडं वर्दळ कमी.

टूर कंपनीच्या "फ्लॉरेन्स अर्धा दिवस" कार्यक्रमात ही छत्री नसते. डोम, मायकेलअँजेलोचा डेव्हिड, जुना पूल, आणि बस सुटली. बुकिंग करतानाच वेगळे दोन तास मागून घ्या.

तिकिटावर फ्लॉरेन्स दिसत नाही, फिरेन्झे दिसतं. चुकीचं बुकिंग झालं का?

नाही. इटलीत सगळीकडं फिरेन्झेच लिहितात. स्टेशनच्या बोर्डावर "फिरेन्झे एस.एम.एन." असं दिसेल, तिथंच उतरायचं. शहरात फिरेन्झेनं सुरू होणारी आणखी स्टेशनं आहेत, तेव्हा शेवटची तीन अक्षरं बघा.

विमानाचं तिकीट काढताना काय बघायचं?

या एका प्रश्नासाठी पूर्ण पान वाचलं तरी चालेल. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या विमानतळाचा कोड एफ-एल-आर. साउथ कॅरोलिनातल्या फ्लॉरेन्सचा एफ-एल-ओ. फरक शेवटच्या एका अक्षराचा, आणि मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. मोबाइलवर "फ्लॉरेन्स" टाइप केलं की दोन्ही एकाखाली एक येतात. बोट घसरायला वेळ लागत नाही.

अलाबामाच्या फ्लॉरेन्सचा विमानतळ नदीपलीकडं मसल शोल्सला आहे, कोड एम-एस-एल. केंटकीच्या फ्लॉरेन्सची आणखीच गंमत. त्याच्या लगत मोठा विमानतळ आहे, पण तो सिनसिनाटीच्या नावानं ओळखला जातो, आणि सिनसिनाटी हे शहर शेजारच्या ओहायो राज्यात. कोड सी-व्ही-जी. तिथं उतरलेला माणूस केंटकीतच असतो, फक्त त्याला ते पटत नाही.

कोल्हापूरहून आधी मुंबई गाठायची, महालक्ष्मी एक्सप्रेसनं किंवा विमानानं. मुंबईहून इटलीच्या फ्लॉरेन्सला थेट विमान नाही. फ्लॉरेन्सच्या पेरेतोला विमानतळाची धावपट्टी आखूड, त्यामुळं लांब पल्ल्याची मोठी विमानं तिथं उतरत नाहीत. युरोपात कुठंतरी विमान बदलावं लागतं. त्यापेक्षा रोमला उतरून जलद रेल्वेनं या. गाडीत बसल्यापासून दीड तासात फ्लॉरेन्स. पिसाला उतरलात तर तिथून रेल्वेनं साधारण तासाभराचं अंतर.

एकाच व्हिसावर दोन्ही फ्लॉरेन्स होतील का?

कसे होतील? इटलीसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांना चालणारा), अमेरिकेसाठी अमेरिकेचा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीत जायचं असेल तर एवढं ताणू नका. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. अर्जात मुक्कामाचं शहर लिहिताना देशही लिहा, हॉटेलच्या पावतीवरही तो असू द्या.

अमेरिकेतल्या सगळ्या फ्लॉरेन्सना इटलीवरूनच नाव मिळालं का?

इथं खरी मजा आहे. काहींना हो, काहींना नाही.

अलाबामाचं फ्लॉरेन्स सरळ इटलीवरून. १८१८ मध्ये टेनेसी नदीच्या काठी एका जमीन कंपनीसाठी गावाची आखणी झाली. आखणी करणारा सर्व्हेअर फर्डिनांड सॅनोनर हा इटालियन. त्यानं आपल्याकडच्या शहराचं नाव दिलं. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्लॉरेन्सला १८५२ मध्ये हे नाव मिळालं ते रेशमाच्या धंद्यावरून, कारण इटलीचं फ्लॉरेन्स रेशमासाठी प्रसिद्ध होतं. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या सोजर्नर ट्रुथ याच गावात राहत होत्या.

साउथ कॅरोलिनाचं नाव मात्र एका मुलीचं. तिथं रेल्वेचे फाटे एकत्र आले, आणि त्यातल्या एका रेल्वे कंपनीचे अध्यक्ष विल्यम हारली यांच्या मुलीचं नाव होतं फ्लॉरेन्स. कोलोरॅडोचंही तसंच, जेम्स मॅककँडलेस या वसाहतकाराची मुलगी. ओरेगनबद्दल तर दोन कथा सांगतात. कुणी म्हणतं एका सिनेटरच्या आडनावावरून, कुणी म्हणतं फ्लॉरेन्स नावाचं जहाज फुटलं आणि त्याची नावाची फळी किनाऱ्याला लागली, ती उचलून कुणीतरी हॉटेलला ठोकली. दुसरी कथा जास्त रंगते, म्हणून तीच जास्त चालते.

केंटकीच्या गावाचं नाव आधी कॉनर्सव्हिल होतं. त्याच राज्यात दुसरं कॉनर्सव्हिल निघालं, म्हणून १८३० मध्ये बदलून फ्लॉरेन्स केलं. एका नावाच्या दोन गावांचा घोळ टाळायला गेले आणि डझनभर गावांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

आणि मुलींना हे नाव आलं कुठून? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्समधलाच. आईवडिलांनी जन्मगावाचं नाव ठेवलं. थोरल्या बहिणीचा जन्म नेपल्सचा, म्हणून तिला नेपल्सचं जुनं ग्रीक नाव, पार्थेनोपी. क्रिमियाच्या युद्धानंतर धाकटीचं नाव घरोघरी पोचलं. थोरलीचं पोचलं नाही, आणि पार्थेनोपी नावाच्या डझनभर शहरांत पत्ते शोधायची वेळ आपल्यावर आली नाही.

पोरगा साउथ कॅरोलिनाच्या फ्लॉरेन्सला निघालाय. गाव कसं आहे?

साधारण ४० हजार वस्तीचं, आसपासच्या भागाचं दवाखाने, बाजार, कचेऱ्या असं सगळं असणारं गाव. दोन मोठे महामार्ग, आय-९५ आणि आय-२०, इथं मिळतात. न्यूयॉर्ककडून फ्लोरिडाला गाडीनं जाणारे इथं मुक्काम टाकतात. गाडी चालवता येणं मात्र गरजेचं. रिक्षा हात करून थांबवायची सवय लागलेल्या पोरांना पहिले दोन महिने जड जातात.

यादवी युद्धाच्या शेवटी, १८६४-६५ मध्ये, इथं युद्धकैद्यांची छावणी होती. अडीच हजारांहून अधिक सैनिक तिथं मेले, त्यांचं राष्ट्रीय स्मशान आजही आहे. आणखी एक किस्सा पोराला जरूर सांगा. ११ मार्च १९५८ रोजी गावाजवळच्या मार्स ब्लफ इथं अमेरिकेच्याच लष्करी विमानातून चुकून अणुबाँब पडला. त्यातला अणूचा गाभा वेगळा ठेवलेला असल्यानं अणुस्फोट झाला नाही, पण साध्या स्फोटकांनी जमिनीत भलामोठा खड्डा पडला, शेजारच्या घरातली माणसं जखमी झाली. मृत्यू कुणाचाही नाही.

आणि अलाबामाचं?

तेही ४० हजारांच्या आसपास. नॉर्थ अलाबामा विद्यापीठ इथं आहे. ब्लूज संगीताचे जनक म्हणून ओळखले जाणारे डब्ल्यू. सी. हँडी १८७३ मध्ये इथं जन्मले. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी आखलेलं एक घर इथं पाहायला मिळतं. मला कुठल्याही अमेरिकी फ्लॉरेन्सला फुकट तिकीट मिळालं तर मी हे निवडीन.

पाण्याच्या टाकीचा फोटो सगळीकडं फिरतो, तो कुठला?

केंटकीचा. महामार्गाच्या कडेच्या टाकीवर १९७४ मध्ये "फ्लॉरेन्स मॉल" असं भलंमोठं रंगवलं होतं. मॉल तेव्हा बांधूनही झाला नव्हता, आणि अस्तित्वात नसलेल्या दुकानाची जाहिरात महामार्गाच्या नियमात बसेना. रंगकामाचा खर्च वाचवायला "मॉल" मधल्या इंग्रजी एमचे दोन पाय पुसले, त्याचा वाय केला आणि पुढं वर एक स्वल्पविरामासारखं चिन्ह दिलं. झालं "फ्लॉरेन्स यॉल", म्हणजे दक्षिणेकडच्या बोलीत "काय मंडळी!" मॉल १९७६ ला उघडला, तरी टाकी तशीच ठेवली. लोकांना तीच आवडायला लागली.

देवमाशाचा स्फोट खरंच झाला होता का?

झाला होता, ओरेगनच्या फ्लॉरेन्सजवळ, १२ नोव्हेंबर १९७० रोजी. आठ टनांचा मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला. महामार्ग खात्यानं अर्धा टन डायनामाइट लावून उडवला, तुकडे झाले की पक्षी खातील या हिशोबानं. तुकडे उडून बघ्यांवर आले, लांब उभ्या असलेल्या एका गाडीचं छत चेपलं, आणि माशाचा मोठा भाग जागच्या जागी राहिला. गावानं २०२० मध्ये एका बागेला या घटनेचंच नाव दिलं. स्वतःची फजिती बागेच्या पाटीवर लिहिणारी नगरपालिका मला तरी दुसरी माहीत नाही.

कोलोरॅडो आणि ॲरिझोना?

दोन्हीकडं मोठे तुरुंग. कोलोरॅडोतला तुरुंग १९९४ चा, अमेरिकेतला सर्वांत कडेकोट समजला जातो. बातमीत "फ्लॉरेन्सला रवानगी" असं ऐकलं तर सहलीचा अर्थ घेऊ नका.

पार्सल पाठवताना पत्ता कसा लिहायचा?

राज्य आणि झिप कोड (तिकडचा पिनकोड) चुकवू नका. अलाबामा ३५६३०, साउथ कॅरोलिना २९५०१, केंटकी ४१०४२, ओरेगन ९७४३९ हे नेहमीचे. मोठ्या गावात एकाहून जास्त झिप असतात, म्हणून मुलांकडून लिहूनच मागवा. अलाबामाला ए-एल, ॲरिझोनाला ए-झेड. कुरिअरवाल्यानं घाईत काय लिहिलंय ते काउंटरवरच वाचून घ्या, विशेषतः दिवाळीच्या फराळाच्या वेळी. चकल्या चुकीच्या राज्यात फिरून आल्या की पोचतो तो चुरा.

कोल्हापुरी चपलांचा वाद झाला ती कंपनी फ्लॉरेन्सचीच ना?

नाही. २०२५ मध्ये ज्यांच्या फॅशन शोमधल्या कोल्हापुरीसारख्या चपलांमुळं वाद उठला ती प्राडा कंपनी मिलानची. फ्लॉरेन्सची कंपनी म्हणजे गुची, १९२१ मध्ये तिथं सुरू झालेली. चामड्याचं काम हा मात्र फ्लॉरेन्सचा जुना धंदा. सांता क्रोचे चर्चच्या आवारात चामड्याच्या कामाची शाळा आहे, कारागीर समोर बसून काम करताना दिसतात. आपल्याकडचे चप्पल कारागीर तिकडं गेले तर संग्रहालयांपेक्षा तिथं जास्त रमतील असं मला वाटतं.

तिथं जेवणाचं काय?

शाकाहारी असाल तर रिबोलिता मागा, पाव, घेवडा आणि पालेभाजीचं दाट सूप. टोमॅटोत शिजवलेला पाव, पाप्पा अल पोमोदोरो, तोही चालतो. मटणावर वाढलेल्या कोल्हापूरकरांसाठी सूचना अशी की तिथली प्रसिद्ध "फिओरेन्तिना" म्हणजे गोमांसाचा स्टेक, आणि गाड्यावर मिळणारा लाम्प्रेदोत्तो हा गायीच्या पोटाचा. चालत नसेल तर आधी विचारा. तांबड्या रश्श्याच्या जवळ जाणारं काहीही नाही. घरून चटणीची पुडी न्या.

कोल्हापूर नावाचं दुसरं गाव आहे का?

तेलंगणात नागरकर्नूल जिल्ह्यात कोल्लापूर आहे. इंग्रजीत दोन्ही नावांत जेमतेम अक्षराचा फरक. तेही जुन्या संस्थानाचं ठिकाण, आंब्यासाठी प्रसिद्ध. कृष्णा तिथून जवळून वाहते, म्हणजे पंचगंगेचं पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळून पुढं त्यांच्याकडंही जातं. त्यांची बिलं आपल्याकडं आणि आपली त्यांच्याकडं अशी गडबड होऊ नये म्हणून ऑनलाइन अर्जात पिनकोड तपासा.

फोन कधी करायचा?

इटली आपल्यामागं हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. साउथ कॅरोलिना आणि केंटकीचं फ्लॉरेन्स साडेदहा आणि साडेनऊ. अलाबामा साडेअकरा आणि साडेदहा. ओरेगन साडेतेरा आणि साडेबारा. ॲरिझोनात घड्याळ पुढंमागं करत नाहीत, तिथं वर्षभर साडेबारा. सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन नऊला फोन लावलात तर ओरेगन आणि ॲरिझोनात रात्रीच्या जेवणाच्या आगेमागेची वेळ असते, पोरं उचलतात; अलाबामा, केंटकी आणि साउथ कॅरोलिनात मात्र रात्रीचे साडेनऊ ते साडेअकरा झालेले असतात. इटलीत मात्र पहाट असते, तिकडं दुपारनंतर करा.